आईच्या माहेरची पद्धत

"ऋजू, तू काय उभ्या-उभ्याच पाजणार आहेस का पोरीला?" निर्मलआत्यानं दारातूनच विचारलं. साताऱ्याहून एसटीनं आलेली, हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

मी खिडकीच्या कट्ट्याला पाठ टेकून उभी होते. "बसून बसून कंटाळा आलाय, आत्या."

"बाळंतिणीला बसायचा कंटाळा! आम्हाला उठायची परवानगी नव्हती. उद्या पाटावर तासभर मांडी घालून बसायचंय, ठाऊक आहे ना? ओटी भरायची, सासरची माणसं येणार. तेव्हाही अशीच उभी राहिलीस तर लोक विचारतील, बारसं आहे की झेंडावंदन?"

मी हसले आणि लगेच घाबरून थांबले. हसणं मला त्या दिवसांत परवडत नव्हतं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वन्सं, आधी पाय धुवून घ्या."

"धुते हो वहिनी, धुते. पाय धुते, पिशवी धुते, म्हणाल तर एसटीपण धुवून आणते."

आईचं सोवळं हा आमच्या घरातला कायमचा विषय होता. बाबा पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी फलटणला कालव्याजवळ तीन खोल्यांचं घर बांधलं, त्यातही आईनं न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून मागून घेतलं. दिवसातून तीन-चारदा अंघोळ, तेवढ्याच वेळा साडी बदलणं. कुणाच्या घरी गादीवर बसायचं नाही, परक्याकडे खायचं नाही, लग्नाला गेली तर दाराजवळ उभी राहून अक्षता टाकायच्या आणि परत. बाबांच्या ऑफिसची मंडळी एकदा कन्याकुमारीला गेली, सगळी जोडप्यानं. बाबा एकटे गेले आणि शंख-शिंपले घेऊन आले. "आमच्याकडे घरातच मठ आहे," ते लोकांना सांगत. "मठाधिपती बाहेर पडत नाहीत."

आत्याला मात्र याचा उलगडा होत नसे. "आमच्या आईनंसुद्धा एवढं केलं नाही. आणि वहिनींच्या माहेरी तर काय विचारता! त्यांचे वडील स्टँडवर कांदाभजी खाऊन यायचे आणि त्याच हातानं देवाला फूल वाहायचे. मग हे आलं कुठून?" आई कपडे वाळत घालायला निघून जाई.

आता माझी मुलगी तिसरीत आहे, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती: उद्याचा पाट.

बाळंतपण पहिलं, म्हणून मी माहेरी आले होते. गावातल्याच एका दवाखान्यात दुपारपासून अंधार पडेपर्यंत "जोर लाव, अजून लाव" चाललं होतं. बाळ मोठं होतं, डोकं अडलं होतं. "चीर द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले. मला नाही, नर्सला. मग इरा झाली, रडली, आणि त्यानंतर बराच वेळ ते खाली मान घालून टाके घालत राहिले. "किती टाके?" मी विचारलं. "ते मोजायचे नसतात," नर्स हसून म्हणाली, "पोरगी बघा." मी पोरगी बघितली.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी ते सुरू झालं. आधी वाटलं पोट बिघडलंय. पोटात वारा धरला तर तो मला न विचारता बाहेर पडायचा. मग एकदा इराला उचलायला वाकले आणि संडासही रोखता आली नाही. कळेपर्यंत साडी खराब झाली होती. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवत होते. सत्तर मुलांसमोर फळ्याकडे पाठ करून उभी असलेली मी मला दिसायला लागले, आणि पुढचं दिसू नये म्हणून मी डोळे मिटून घेई. केदार दर संध्याकाळी पुण्याहून फोन करायचा. मी दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची. आणखी महिन्याभरानं त्याच्या घरी जायचं होतं, त्याच्या शेजारी झोपायचं होतं.

मोबाइलवर शोधून वाचलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, आपोआप बरं होतं. दुसऱ्या ठिकाणी, ताबडतोब दाखवा. मी दोन्ही वाचत बसले आणि काहीच केलं नाही. शेवटी आईला सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता.

"आई, मला कळत नाही गं, कधी होतं ते."

आई डिंकाचे लाडू वळत होती. हात थांबला नाही. "टाके ओले आहेत अजून. होतं तसं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. बरं होतं."

थोड्या वेळानं तिनं जुन्या सुती साडीच्या घड्या आणून माझ्या उशाशी ठेवल्या. कडा दुमडून शिवलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, सगळ्या एका मापाच्या. मला बारीकसारीक बघायची सवय आहे. माझ्यासाठी फाडल्या असत्या तर त्यांची शिवण नवी दिसली असती, एवढं माझ्या लक्षात आलं. त्यापुढे डोकं चाललं नाही. इरा रडायला लागली होती.

बारशाच्या दिवशी सकाळी आईनं मला नुसता भात दिला. "मला आज जास्त भूक आहे," मी म्हणाले. "आज नको," ती म्हणाली. पण आत्यानं मागच्या दारानं अळिवाची खीर आणून दिली, वर गरम दूध. "पोरीला पाजायचंय तुला, तुझ्या आईला काय कळतंय!" मी प्यायले.

दुपारी पुण्याची मंडळी आली. केदार, सासूबाई, केदारची थोरली बहीण. केदार बाबांबरोबर बाहेर अंगणात बसला. शेजारच्या बायका आल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, परातीत घुगऱ्या. मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, मांडीवर इरा. आत्या सूत्रसंचालन करत होती. "बाळंतीण बघा कशी ताठ बसलीय. परीक्षेला बसल्यासारखी." सगळ्या हसल्या. सासूबाई ओटी घेऊन पुढे आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, नाक तर आमच्या केदारचंच आहे, बिचारीला आयुष्यभर पुरेल!"

ते इतकं अचानक आलं की मला खरंच हसू फुटलं. आणि तेवढ्यानं झालं.

मी हलले नाही. हललं नाही तर कुणाला कळणार नाही असं मला वाटत होतं. पण खोली लहान होती. आधी शेजारच्या काकूंनी पदर नाकाशी नेला. सासूबाई हातात नारळ घेऊन तशाच थांबल्या.

"बाळानं शी केली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

केदारच्या बहिणीनं इराचं लंगोट बोटानं उचलून पाहिलं. "नाही. कोरडी आहे की ही."

मी इराच्या टाळूकडे बघत राहिले.

"थांबा, थांबा!" आई स्वयंपाकघरातून आली. सोवळ्याचा कद नेसलेली, केस ओले. "विहीणबाई, ओटी भरू नका अजून. ऋजू, ऊठ. एक राहिलंच."

"आता काय राहिलं?" आत्या म्हणाली.

"ओटीच्या आधी बाळंतिणीनं पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. साडी बदलायची आणि मग बसायचं."

"भरल्या पाटावरून उठून? वहिनी, आमच्या घरात असली पद्धत नाही हो."

"तुमच्याकडे नसेल. माझ्या माहेरची आहे."

"तुमच्या माहेरची?" आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुमच्या माहेरी पद्धती कधीपासून आल्या?"

"पहिल्या मुलीच्या बारशाला असते," आई शांतपणे म्हणाली. एकीकडे तिनं इराला उचलून सासूबाईंच्या हातात दिलं होतं, दुसरीकडे खांद्यावरची शाल काढून माझ्या पाठीवरून खालपर्यंत सोडली होती. पाट तिनं पायानंच उलटा करून भिंतीकडे सरकवला. "पाट पण बदलावा लागतो. वन्सं, तेवढा कोठीतला दुसरा काढा."

सासूबाईंना असल्या गोष्टींचं अप्रूप. "असू दे हो, असू दे," त्या म्हणाल्या, "एकेका घराची रीत असते."

न्हाणीघरात बादलीभर गरम पाणी आधीच काढून ठेवलेलं होतं. खुंटीवर दुसरी साडी, परकर, घडी. आईनं कडी घातली आणि माझी साडी सोडायला लागली. तिच्या हातांना कुठे अडखळायला होत नव्हतं. कुठून धरायचं, काय आधी भिजवायचं, काय बाजूला ठेवायचं, सगळं ठरलेलं.

"तुझ्या माहेरी आहे अशी पद्धत?" मी विचारलं.

"नाही."

"आणि आत्यानं चौकशी केली म्हणजे?"

"कुणाकडे करणार? आई गेली, मावशी गेली. माहेरच्या पद्धतीचं तेवढं बरं असतं, कुणी तपासायला जात नाही." ती चक्क हसली. मग माझ्या अंगावर तांब्यानं पाणी घालत, हलक्या आवाजात भराभर सांगू लागली. "आत्यानं दिलेलं खायचं नाही. कार्य असलं की आदल्या दिवसापासून नुसता भात. सकाळी चहा घ्यायचा नाही, चहानं पोट हलतं. कुठे गेलीस तर दाराजवळची जागा धर. गादीवर बसायचं नाही, लाकडी खुर्ची मागायची. गडद साडी नेस. कॉलेजात जाताना पिशवीत दोन घड्या ठेव. कुणी काही विचारायच्या आत आपणच उठायचं. सोवळं आहे म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत. थोडं हसतात. हसू द्यायचं."

मी ऐकत होते आणि एकेक जागा माझ्या डोळ्यांसमोर येत होती. शाळेच्या बक्षीस समारंभात दारात उभी असलेली ती. माझ्या लग्नात, पंगत बसली तेव्हा न जेवता भांडी मोजणारी ती. कन्याकुमारीचे शंख कपाटात लावताना प्रत्येक शंख कानाला लावून बघणारी ती.

"आई."

"हं."

"तू म्हणाली होतीस, बरं होतं."

"म्हणाले होते."

"तुझं झालं?"

ती खाली बसून माझ्या निऱ्या सारख्या करत होती. तोंडात पिन धरलेली. ती काढून तिनं निऱ्यांना लावली, पुन्हा एकदा ओढून बघितली.

"नाही," ती म्हणाली.

"मग मला तसं का सांगितलंस?"

"दुसरं काय सांगतात ते मला माहीत नाही गं. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं. मी वाट बघितली."

"बाबांना?"

"त्यांनी विचारलं नाही. पहिल्यांदा मी वेळी-अवेळी अंघोळ केली तेव्हा म्हणाले, काय गं, सोवळं-बिवळं सुरू केलंस की काय? मी म्हटलं, हो. बरं वाटलं मला. सोपं झालं."

दारावर थाप पडली. "झाली का पद्धत?" आत्याचा आवाज. "पोरगी भुकेनं थयथयाट करतेय. का तिलाही आणू आंघोळीला?"

आईनं माझे दोन्ही दंड धरले. "केदाररावांना यातलं काही सांगू नकोस. पुरुषांना असलं सांगितलं ना, की मग त्यांना आपल्यात तेवढंच दिसतं."

मी परत जाऊन नव्या पाटावर बसले. ओटी भरली. केदारच्या बहिणीनं इराच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. सगळं व्यवस्थित पार पडलं, आणि तेच मला भयंकर वाटत होतं. आई सांगत होती तसं सगळं जमत होतं. मला ते येणार होतं. मी हुशार होते, वर्षभरात मी त्यात आईच्याही पुढे गेले असते.

संध्याकाळी केदार गाडीत सामान ठेवत होता. सासूबाई आत कुंकू लावून घेत होत्या. मी शाल गुंडाळून अंगणात गेले.

"मला तुला काहीतरी सांगायचंय."

त्यानं डिकी बंद केली. "मलाही वाटतच होतं. तू माझ्यावर चिडलीयस. फोन लगेच ठेवतेस."

"मी चिडलेली नाही. मला संडास रोखता येत नाही."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे पोट…"

"पोट नाही. बाळंतपणात काहीतरी फाटलंय. कळत नाही आणि थांबत नाही. दुपारी ती पद्धत-बिद्धत नव्हती. मी पाटावर होते तेव्हा झालं."

तो गाडीला टेकून उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर काय काय येतं ते बघत होते, आईनं सांगितलेलं ते तिथे येतंय का हे शोधत. त्यानं एकदा घराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दुखतं?"

"दुखण्याचं नाही रे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"तुलाच आत्ता सांगतेय."

"बरं," तो म्हणाला. मग पुन्हा, "बरं. आईला आणि ताईला घरी सोडतो. उद्या सकाळी परत येतो, तुला घेऊन जातो. ऑफिसमधल्या एकीला विचारतो, तिची बहीण पुण्यात बायकांची डॉक्टर आहे." आणि मग, एकदम, "अगं, मग उभी का आहेस? आत जाऊन पड ना."

आई मागे तुळशीपाशी उभी होती. तिनं ऐकलं होतं. गाडी गेल्यावर ती म्हणाली, "सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही."

"ही कुणाच्या माहेरची पद्धत?"

"ही खरी आहे," ती म्हणाली.

"उद्या तू पण चल."

"मी? कशाला? एवढ्या लांब मला नाही जमत."

"मला आत तपासतील तेव्हा इराला कोण धरेल? केदारकडे दिली तर ती दवाखाना डोक्यावर घेईल."

सकाळी आत्याचा विश्वास बसेना. "वहिनी पुण्याला? आणि सोवळं?" आई म्हणाली, "राहील एक दिवस घरी." तिनं आदल्या रात्रीपासून काही खाल्लेलं नव्हतं. मागच्या सीटवर आम्ही दोघी बसलो, मध्ये इरा. बसण्याआधी तिनं पिशवीतून दोन घड्या काढल्या, एक माझ्या जागेवर ठेवली, एक स्वतःच्या. केदार आरशातून बघत होता. त्यानं आरसा थोडा वर केला आणि गाडी सुरू केली.

डॉक्टर किणीकर साधारण आईच्याच वयाच्या होत्या. त्यांनी घाई केली नाही. काय होतं, केव्हा होतं, किती वेळा, सगळं नावानिशी विचारलं आणि मला नावानिशी सांगायला लावलं. तपासल्यावर पडदा सारून बाहेर आल्या, हात धुतले.

"चीर दिली होती ती पुढे फाटत मागपर्यंत गेलीय," त्या म्हणाल्या. "मागे जो स्नायू रोखून धरतो ना, तो गोल असतो. बटव्याच्या नाडीसारखा. ती नाडी एका जागी तुटलीय. वरचं कापड शिवलं गेलं, नाडी आत तशीच राहिली. म्हणून बाहेरून टाके छान दिसतायत."

"म्हणजे चूक…"

"आत पाहायला हवं होतं. राहिलं. काही वेळा सुजेत दिसतही नाही. आत्ता मी लगेच हात घालणार नाही, जखम भरू दे. तोवर औषध, व्यायाम. काही महिन्यांनी शिवू."

"हे सगळ्यांना होतं ना?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"सगळ्यांना? नाही हो. कुणी सांगितलं?"

आई दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसली होती, इराला छातीशी धरून. "आजी, इकडे खुर्चीवर बसा ना," डॉक्टर म्हणाल्या. "नको, मी इथे बरी आहे," आई म्हणाली.

माझं पुढे शिवलं गेलं, बरंही झालं. पण त्या दिवशी ते काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर औषधं लिहीत होत्या, आणि मी मनात वाक्य जुळवत होते: माझ्या आईलाही… ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगणं माझं नव्हतं. मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत राहिले. डॉक्टरांनी कागद फाडून माझ्या हातात दिला. "आणखी काही?"

"नाही," मी म्हणाले, आणि उठले नाही.

पंख्याचा आवाज येत होता. इरा झोपेत चोखल्यासारखं करत होती.

"डॉक्टर," आई म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरांना मान पुढे करावी लागली. "हे शिवायचं राहूनच गेलं तर? म्हणजे जुनं झालं तर. मग होतं का काही?"

"जुनं झालं तर अगदी पहिल्यासारखं होत नाही. पण पुष्कळ करता येतं. किती जुनं, त्यावर आहे." त्यांनी पेनचं टोपण लावता लावता विचारलं, "किती जुनं आहे?"

आईनं इराच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"हिच्याएवढं," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टोपण पुन्हा काढलं, नवा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "बाळाला त्यांच्याकडे द्या. या, इथे बसा. पहिल्यापासून सांगा."

आईनं इराला माझ्या हातात दिलं, खुर्चीवर येऊन बसली आणि बोलायला लागली. बाहेर नंबर लावणारी मुलगी दोनदा दार किलकिलं करून बघून गेली. आईचं सांगून झालेलं नव्हतं.